गर्भपिशवी काढली, पण अंडाशयांचं काय? स्तनाच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव,
तसेच सीमाभागातल्या बायका ज्यांच्याकडे स्तनाच्या कॅन्सरसाठी जातात त्या बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मिरज आणि गोव्यातल्या सर्व डॉक्टरांस,

स.न.वि.वि.

मी खानापूर तालुक्यात औषधाचं दुकान चालवते. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. कोणाला कुठली गोळी द्यावी हे ठरवण्याचा अधिकार तुमचा, त्यात मला ढवळाढवळ करायची नाही. पण तुम्ही लिहिलेली चिठ्ठी शेवटी आमच्या काउंटरवर येते. तुमची नि रुग्णाची भेट तीन-सहा महिन्यांनी, आमची दर महिन्याला. त्यामुळे काही गोष्टी आम्हाला तुमच्या आधी दिसतात, आणि बायकाही जे तुमच्यासमोर बोलायला लाजतात ते माझ्यासारख्या बाईजवळ सहज बोलून जातात.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईला लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन ही इस्ट्रोजेन (बाईचं मुख्य हार्मोन) घटवणारी गोळी सुरू करण्यापूर्वी तिची पाळी कशामुळे थांबली ते विचारा. वयाने थांबली, केमोने थांबली, की गर्भपिशवी काढली म्हणून थांबली? पिशवी काढली असेल तर अंडाशयं आत आहेत की तीही काढली? उत्तर तिच्या कार्डावर लिहा. माहीत नसेल तर तपासा. यापलीकडे पत्रात जे आहे ते ही मागणी का करावी लागते याचं स्पष्टीकरण आहे.

लेट्रोझोल अडीच मिलिग्रॅमची स्ट्रिप माझ्याकडून दोन प्रकारच्या बायका नेतात. एक पंचविशी-तिशीतली, लग्नाला चार-पाच वर्षं झालेली, बरोबर बहुधा सासू. तिला पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस गोळी असते. दुसरी साठीच्या आसपासची, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं उरकून आलेली. तिला रोज एक, किमान पाच वर्षं. एकीला मूल हवं आहे, दुसरीला गाठ परत यायला नको आहे. (वंध्यत्वासाठी ही गोळी वापरायला केंद्र सरकारने २०११ साली बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. मधल्या वर्षांत आम्हा दुकानदारांची झालेली तारांबळ हा वेगळाच विषय आहे.) कंपनी तीच, स्ट्रिप तीच. पण पहिलीच्या अंगात ती अंडाशयाला जागं करते आणि दुसरीच्या अंगातलं इस्ट्रोजेन जवळजवळ पुसून टाकते. हे दोन्ही एकाच गोळीला कसं जमतं, हे समजलं की माझी मागणी आपोआप समजते.

पाळी गेली की बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन संपलं, असा समज आमच्याकडे शिकलेल्या घरांतही आहे. ते संपत नाही, त्याचा कारखाना बदलतो. मूत्रपिंडांच्या वर ॲड्रिनल नावाच्या दोन ग्रंथी असतात. त्या अँड्रोस्टेनेडिओनसारखी पुरुषी गटातली हार्मोन्स बनवत राहतात. चरबीत, स्नायूंत, त्वचेत आणि खुद्द स्तनाच्या पेशींत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं. ते या हार्मोन्सचं रूपांतर इस्ट्रोन आणि एस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनच्या प्रकारांत करतं. पाळी चालू असलेल्या बाईच्या रक्तात एस्ट्रॅडिऑल महिन्याच्या दिवसांप्रमाणे साधारण ३० ते ४०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढं वरखाली होतं. पाळी कायमची गेल्यावर ते बहुतेकींत २० च्या खाली येतं, अनेकींत ५ ते १० वर. अंगाने जाड बाईत जरा जास्त, कारण चरबी जास्त म्हणजे अरोमाटेज जास्त. रक्तातलं प्रमाण एवढं कमी दिसत असलं तरी गाठीच्या आत ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असू शकतं, आणि हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर पोसणाऱ्या, गाठीला वाढायला तेवढं पुरतं.

लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही तिन्ही औषधं अरोमाटेजलाच रोखतात. पहिली दोन एन्झाइमला धरून ठेवतात, एक्झेमेस्टेन त्याला कायमचं निकामी करतं आणि शरीराला नवं बनवावं लागतं. परिणाम जवळपास सारखा: शरीरभर चाललेलं हे रूपांतर ९५ टक्क्यांहून अधिक थांबतं आणि रक्तातलं एस्ट्रॅडिऑल एका पिकोग्रॅमच्या आसपास किंवा त्याच्याही खाली जातं. स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या गोळीची रीत अगदी निराळी. ते इस्ट्रोजेनची पातळी कमी करतच नाही. आमच्या भातशेतीच्या भाषेत सांगायचं तर पाटातलं पाणी आहे तेवढंच राहतं, फक्त वाफ्याचं तोंड बुजवलेलं असतं. स्तनाच्या पेशीतल्या रिसेप्टरवर टॅमॉक्सिफेन जाऊन बसतं आणि इस्ट्रोजेनला जागा मिळत नाही. हाडांत आणि गर्भाशयाच्या अस्तरात मात्र तेच औषध थोडंसं इस्ट्रोजेनसारखं वागतं. म्हणून पाळी गेलेल्या बाईची हाडं त्याने टिकतात, आणि म्हणूनच पिशवी असलेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं तर लगेच दाखवायला सांगावं लागतं.

आता अंडाशय जिवंत असलेल्या बाईला लेट्रोझोल दिलं तर काय होतं ते बघा. गोळी इस्ट्रोजेन खाली ओढते. मेंदूला ते कळतं आणि मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे अंडाशयाला कामाला लावणारं हार्मोन वाढवते. एफएसएचच्या जोरावर अंडाशय नेहमीपेक्षा जास्त काम करू लागतं. मूल हवं असलेल्या मुलीच्या बाबतीत आपल्याला नेमकं हेच हवं असतं. कॅन्सरच्या बाईच्या बाबतीत नेमकं हेच नको असतं. ती रोज न चुकता गोळी घेते, पैसे घालते, हातपाय दुखणं सोसते, आणि आत एस्ट्रॅडिऑल खाली जाण्याऐवजी तरण्या बाईच्या पातळीवर राहतं किंवा त्याहून वर जातं. अंडाशयाचा आणि स्तनाच्या गाठीचा संबंध वैद्यकाला काही कालपरवा कळलेला नाही. स्कॉटलंडचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी अंडाशयं काढल्यावर स्तनाचा पसरलेला कॅन्सर आक्रसल्याचं १८९६ सालीच लिहून ठेवलं आहे.

आणि आमच्या भागात अंडाशय जिवंत असूनही पाळी नसलेल्या बायका किती आहेत? काउंटरवर उभ्या राहणाऱ्या चाळिशीच्या बायकांत पिशवी काढलेली बाई मला शोधावी लागत नाही. पांढरं जातंय, पोटात दुखतंय, अंगावरून जास्त जातंय, की काढली पिशवी. कोणी सांगितलं कॅन्सर होईल, कोणी सांगितलं दोन मुलं झाली आता पिशवी हवी कशाला. चिकोडी, अथणी, रायबाग पट्ट्यात उसाच्या हंगामाला बीडहून टोळ्या येतात. त्या बायकांची गोष्ट २०१९ मध्ये देशभर गाजली. महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. आपल्या कर्नाटकातही कलबुर्गीच्या लंबाणी तांड्यांवरच्या ऑपरेशनांचा बोभाटा झालाच. गरज होती की नव्हती, हा वाद मी इथे उघडत नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. पिशवी काढली की पाळी थांबते, अंडाशयं थांबत नाहीत. ती आत ठेवली असतील तर पुढेही वर्षानुवर्षं इस्ट्रोजेन बनवत राहतात, फार तर नेहमीपेक्षा थोडी लवकर दमतात.

या बाईला पुढे दहा वर्षांनी छातीत गाठ होते. ती तुमच्या ओपीडीत येते. गर्दी असते, मागे पन्नास जणी उभ्या असतात, हे मला मान्य आहे.

“मावशी, पाळी येते?”

“न्हाई. पिशवी काढून लई वर्सं झाली की.”

आणि कार्डावर पेन चालतं: पोस्टमेनोपॉजल, म्हणजे पाळी कायमची गेलेली. वय ४३.

असं कार्ड मी माझ्या डोळ्यांनी वाचलेलं आहे. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, तिथल्या डॉक्टरांनी तिचं ऑपरेशन मनापासून आणि चांगलं केलं होतं. बाई नेमाने लेट्रोझोल नेत होती. मी सहज बोलता बोलता विचारलं की पिशवीबरोबर आणखी काय काढलं होतं, तर म्हणाली, “त्ये कुणाला ठावं? कागद पावसात भिजलं, नवऱ्यानं टाकून दिलं.” मी तिला चिठ्ठी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्यांनी रक्त तपासलं तेव्हा एस्ट्रॅडिऑल पाळी चालू असलेल्या बाईएवढं निघालं. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयं जागच्या जागी. तिचं औषध बदललं. हे माझ्यामुळे झालं असं सांगून मला मोठेपणा मिरवायचा नाही. दुकानातल्या बाईने बोलता बोलता विचारायचा हा प्रश्न नाही, तो छापील फॉर्मवर असायला हवा, एवढंच.

केमोने थांबलेल्या पाळीचं तसंच. चाळिशी-पंचेचाळिशीच्या बाईची पाळी केमो चालू असताना थांबते, पुढे वर्षभरही येत नाही, आणि मग एखाद्या दिवशी येते. कधी पाळी न येताच अंडाशय पुन्हा सुरू झालेलं असतं. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, त्यामुळे कॅन्सर होण्याच्या वयात आपल्या पुष्कळ बायका नेमक्या या उंबरठ्यावर असतात. जगभरच्या उपचार-नियमांत वयाने साठीच्या आतली, अंडाशयं काढलेली नसलेली बाई केवळ पाळी नाही म्हणून पोस्टमेनोपॉजल धरत नाहीत. एफएसएच आणि एस्ट्रॅडिऑल दोन्ही त्या पातळीत आहेत का ते बघतात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत आहे. माझं म्हणणं इतकंच की आमच्या भागात पिशवी काढलेल्या बायका एवढ्या असताना हा नियम अपवादाचा म्हणून चालणार नाही. तो इथे रोजचा आहे.

तपासणीबद्दलही थोडं, कारण रिपोर्ट घेऊन बायका आमच्याकडेच येतात आणि घाबरलेल्या असतात. लाल अक्षरात एक आकडा छापलेला असतो आणि त्या आकड्याचा अर्थ सांगायला कोणी नसतं. नेहमीच्या लॅबमध्ये एस्ट्रॅडिऑल इम्युनोअसे नावाच्या साध्या पद्धतीने मोजतात. पाळी चालू असलेल्या बाईसाठी ती ठीक आहे. पण दहा-वीस पिकोग्रॅमच्या खाली ती डगमगते, आणि अरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्या घेणारी बाई तर एका पिकोग्रॅमच्या गोष्टी करत असते. तिथे लिक्विड क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री ही जास्त अचूक पद्धत लागते. त्यातून एक्झेमेस्टेन स्वतः स्टेरॉइडच्या घडणीचं आहे, इम्युनोअसे त्याला आणि त्याच्या अंशांना इस्ट्रोजेन समजून मोजू शकते. फुलव्हेस्ट्रंट या स्तनाच्या कॅन्सरवरच्या हार्मोनविरोधी इंजेक्शनचंही तेच. म्हणजे औषध व्यवस्थित काम करत असताना रिपोर्ट ‘वाढलं’ म्हणतो. बाई रात्रभर झोपत नाही, आणि एखाद्या घरात तर गोळीच बंद होते. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईने पातळी ‘कमी झाली का’ म्हणून तपासणंच व्यर्थ, ती कमी व्हायचीच नसते. पाळी चालू असलेल्या बाईत तर टॅमॉक्सिफेनने एस्ट्रॅडिऑल वाढतं. पाळी गेलेल्या बाईत ते एफएसएच खाली आणतं, त्यामुळे टॅमॉक्सिफेन चालू असताना नुसत्या एफएसएचवरून ‘पाळी गेली की नाही’ ठरवायला गेलं तर फसगत होते.

म्हणून सरसकट सगळ्यांची हार्मोन्स तपासा असं मी म्हणतच नाही. खरोखर वयाने पाळी गेलेल्या पासष्ट वर्षांच्या आजीला या तपासणीचा काही उपयोग नाही, खर्च तेवढा आहे. ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांचीच करा, पण योग्य पद्धतीने करा. मास स्पेक्ट्रोमेट्री खानापुरात किंवा निपाणीत होणार नाही, हे कळतं. नमुना मात्र कुठूनही पाठवता येतो. जिल्हा रुग्णालयातून तो पाठवण्याची आणि खर्च योजनेत बसवण्याची सोय आरोग्य अधिकारी साहेबांनी केली तर बाईला त्यासाठी बेंगळुरू गाठावं लागणार नाही.

अंडाशय चालू असल्याचं कळलं तर मार्ग आहेतच, ते तुम्ही जाणता: टॅमॉक्सिफेन, किंवा गोसेरेलिनसारखं दर महिन्याचं इंजेक्शन देऊन अंडाशय झोपवणं आणि मग लेट्रोझोल, किंवा अंडाशयं काढणं. इंजेक्शनाचा मार्ग निवडताना कणकुंबी-जांबोटीकडच्या बाईचा विचार करा. पावसाळ्यात तिकडून महिन्याच्या महिन्याला ठरल्या दिवशी निघणं म्हणजे काय ते तिकडे राहणाऱ्यालाच माहीत. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे बेळगावपर्यंत बस फुकट आहे, हा मोठा आधार. पण तिचा उपचार मिरजेला किंवा कोल्हापूरला चालू असेल तर सीमेपलीकडे तिकीट लागतं. एक इंजेक्शन पंधरा दिवस लांबलं की अंडाशय पुन्हा डोकं वर काढू शकतं, आणि वर लेट्रोझोल चालूच असतं. हा धोका बाईला कोणी समजावून सांगितलेला नसतो. तिला वाटतं, गोळी तर चालू आहे ना.

जिची पाळी खरोखर वयाने गेली आहे, तिच्यासाठी ही गोळी जिवाची आहे. तिथे माझी तक्रार उलटी आहे: ती गोळी सोडते, आणि ते तुम्हाला कळत नाही. ती चेकअपला येऊन ‘घेते’ म्हणते. माझ्या हिशेबाच्या वहीत मात्र तिची स्ट्रिप गेलेली नसते.

“आक्का, ह्या गोळीनं बोटं धरल्यात बघा. सकाळचं भाकरी थापाय येत न्हाई.”

सांधे धरणं, अंगातून गरम वाफा निघणं, झोप उडणं, खालची जागा कोरडी पडणं. शेवटचं तर ती नवऱ्यालाही सांगत नाही. हे सगळं इस्ट्रोजेन तळाला गेल्याचे परिणाम आहेत. हाडं, सांधे, त्वचा यांना जे थोडं इस्ट्रोजेन मिळत होतं तेही गोळीने काढून घेतलं. म्हणजे हे दुखणं गोळी चुकीची असल्याची खूण नाही. एवढं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तिने सहन केलं असतं असं मी म्हणत नाही, पण निदान तुमच्याकडे येऊन तिने तक्रार केली असती आणि तुम्ही दुसरी गोळी दिली असती. एका गोळीने त्रास झाला आणि त्याच गटातल्या दुसरीने झाला नाही, असं होतं. रोज चालल्याने, हातपाय हलवल्याने दुखणं उतरतं. अगदीच जमलं नाही तर टॅमॉक्सिफेन आहे. हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने पुढच्या पंधरा वर्षांतले कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांश कमी होतात, आणि पाळी गेलेल्या बायकांत अरोमाटेजच्या गोळ्या त्याहून काहीशा सरस ठरल्या आहेत. एवढा फायदा देणारी गोळी बाई गुपचूप सोडते, कारण तिला कोणी सांगितलेलं नसतं की दुखणं कशाने आहे.

हाडांचं मात्र बोलायलाच हवं. या गोळ्यांवर असताना हाडांची घनता नेहमीपेक्षा वेगाने उतरते, आणि आमच्या बायका चिखलात वाकून रोपं लावतात, डोक्यावर ओझं घेऊन बांधावरून चालतात. सुरू करताना एकदा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, गरज पडल्यास हाडं टिकवणारं झोलेड्रॉनिक ॲसिड. हे नियमात आहे, चिठ्ठीवर क्वचित दिसतं.

आणखी एक. गावातले काही जनरल प्रॅक्टिशनर वाफा येतात म्हणून याच बाईला टिबोलोन (इस्ट्रोजेनसारखं काम करणारं औषध) किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या लिहून देतात. त्यांना तिचा आजार माहीत नसतो, ती सांगत नाही, आणि एका हाताने तळाला नेलेली पातळी दुसऱ्या हाताने वर चढवली जाते. टिबोलोनने स्तनाचा कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढतं हे चाचणीत दिसलेलं आहे. अशी चिठ्ठी आली की मी गोळी देत नाही, डॉक्टरांना फोन करते. काही चिडतात. कॅन्सरच्या कार्डावर ठळक अक्षरांत ‘या रुग्णाला इस्ट्रोजेन, टिबोलोन देऊ नये’ एवढं लिहिलेलं असेल तर मला फोन करावा लागणार नाही. योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दलही ‘आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा’ हे त्याच ओळीत बसेल. टॅमॉक्सिफेनवाल्या बाईला फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही मनावरची औषधं देताना जपायला हवं, कारण ती टॅमॉक्सिफेनला कामी येणाऱ्या रूपात बदलू देत नाहीत. हेही तिथेच.

कार्डाची भाषा हा विषय मला टाळता आला असता तर टाळला असता. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो चालेल तसा चालेल. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली म्हणून जाहीर केलं, कर्नाटकाने हरकत घेतली, त्यावर पत्रकार परिषदा झाल्या. या सगळ्यात मला पडायचं नाही. पण नंदगडची साठीची बाई इंग्रजी वाचत नाही आणि कन्नड बोलते पण वाचत नाही. तिला मराठी अक्षरं लागतात. कन्नड ओळीखाली मराठी ओळ छापली तर कोणाचं राज्य जात नाही, गोळी तेवढी चालू राहते.

आता आरोग्य अधिकारी साहेबांसाठी खास. अनावश्यक गर्भपिशवी ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. प्रत्येक पिशवी ऑपरेशनची नोंद या समितीकडे येणं अपेक्षित आहे. त्या नोंदीत एक रकाना वाढवा: दोन्ही अंडाशयं ठेवली, एक काढलं, की दोन्ही काढली. आणि तीच माहिती ऑपरेशन करणाऱ्या हॉस्पिटलने बाईला एका जाड कागदावर, प्लॅस्टिकमध्ये घालून द्यावी, असं सक्तीचं करा. डिस्चार्ज कार्डाची दहा पानं आमच्याकडे पहिल्या पावसात जातात. एक प्लॅस्टिकचा कागद आधारकार्डाबरोबर राहतो, कारण बसमध्ये फुकट जायला बायका ओळखपत्र म्हणून आधारच दाखवतात.

आशाताईंना घरोघर फिरताना स्तनाच्या गाठीबद्दल विचारायला शिकवलं जातं. त्याच भेटीत ‘पिशवी काढली आहे का, कागद आहे का’ हे दोन प्रश्न विचारायला सांगा. ऑपरेशन ताजं असेल तर कागद मिळवता येतो, हॉस्पिटलं जुने रेकॉर्ड कायम ठेवत नाहीत.

कॅन्सर कार्डावर काय काय असावं याचा एक पानाचा मराठी मसुदा मी तयार केला आहे. त्यात पाळी थांबण्याचं कारण, अंडाशयांची स्थिती, कुठली गोळी आणि किती वर्षं, कुठली औषधं चालणार नाहीत, कोणत्या त्रासाला लगेच यायचं, एवढंच आहे. औषधांचा भाग कॅन्सरतज्ज्ञाने तपासल्याशिवाय तो वापरू नये. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मी त्याची प्रत पोच घेऊन दिली आहे. कन्नड मजकूर करायला दुकानाशेजारचे एक निवृत्त कन्नड शिक्षक तयार आहेत. मसुदा तपासून देणारे डॉक्टर आणि छपाईचा खर्च, या दोनच गोष्टींसाठी आपल्या उत्तराची वाट पाहते.

कळावे,

आपली,
खानापूर तालुक्यातील एक औषध विक्रेती